सनद इकडची, शहर तिकडचं: परक्या गावात वकिली आणि सार्वजनिक काम जमतं का?

तेरणाकाठ
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी धाराशिवची. सनद घेऊन दहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं जिल्हा न्यायालयात ज्येष्ठांच्या हाताखाली काढली, नंतर संभाजीनगरला खंडपीठात. जमिनीची प्रकरणं जास्त. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं. आमच्या वसाहतीत पाणी किती दिवसांआड येणार इथपासून अंगणवाडीच्या थकलेल्या भाड्यापर्यंत लोक माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला येतात. खरं सांगू, मला ते कोर्टापेक्षा जास्त आवडतं.

आता यांची नोकरी टोरंटोजवळ लागलीय. चार महिन्यांत निघायचंय. बारमधले सगळे एकच सांगतात, वकिली विसर, तिकडं दुसरं काहीतरी बघ. परवा सासूबाईंनी माझा काळा कोट इस्त्री करून आणला आणि विचारलं, "हा बॅगेत ठेवायचा की कपाटात?" मला उत्तर देता आलं नाही.

माझे प्रश्न दोन. चौतिसाव्या वर्षी तिकडं पुन्हा पहिल्यापासून वकील होता येतं का? आणि ज्या शहरात आपण जन्मलो नाही, जिथली भाषा आपली नाही, तिथं महापालिकेत उभं राहून "हे चुकतंय" म्हणायचा हक्क कधी मिळतो? की जन्मभर पाहुणेच राहायचं?

दुधना_परभणी
कोट बॅगेतच ठेवा ताई. थंडी लई असते म्हणे तिकडं. बाकी जाणकार सांगतीलच.

सिंदफणा
ताई, राग मानू नका, पण मनातलं लिहितो. मी बीडला वकिली करतो. आमच्याकडून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात. बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या बायकांचे अर्ज लिहायला, त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या आणि तहसीलच्या पायऱ्या चढायला बाई वकील शोधून सापडत नाही. ज्यांना हे काम आवडतं अशा मोजक्याच असतात, आणि त्यातलीच एक टोरंटोला निघाली. तिथं वकिलांचा दुष्काळ आहे का?

तेरणाकाठ
सिंदफणा, राग नाही आला. हाच प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारते. पण यांना इकडं सोडून मी तिकडं, किंवा उलटं, असा संसार मला करायचा नाही. जायचं ठरलंय. तिथं जाऊन रिकामं बसायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

गोदाकाठचा
सिंदफणा यांचं दुखणं खरं आहे, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या मराठवाड्याचा वकील कायमच परक्या गावात उभा राहून बोलत आलाय. निजामाच्या राज्यात अपील हैदराबादला. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, तेव्हापासून अपील मुंबईला. वडील सांगायचे, पक्षकाराला घेऊन रात्रभर प्रवास, सकाळी धर्मशाळेत आंघोळ आणि कागदांचं गाठोडं काखेत मारून हायकोर्ट. तारीख पडली की तसंच परत. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठाचं काम सुरू झालं, १९८४ ला ते कायमचं झालं. वकील आणि जनता रस्त्यावर उतरली म्हणून झालं. कोल्हापूरकरांना त्यांच्या सर्किट बेंचसाठी २०२५ च्या ऑगस्टपर्यंत वाट बघावी लागली.

म्हणजे वकिलानं शहराच्या प्रश्नात पडायचं हे आपल्या रक्तातच आहे. ते रक्त घेऊन ताई जायल्यात, रिकाम्या हातानं नाही.

पैनगंगा
मी मूळची हिंगोलीची, आता इंग्लंडात लेस्टरला. वकील नाही, पण दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते. इकडं भारतीय पासपोर्ट असतानाही आपल्याला मत देता येतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक म्हणून संसदेच्या आणि नगरपरिषदेच्या दोन्ही निवडणुकांत, आणि परिषदेला उभंही राहता येतं. पहिल्यांदा मतदारयादीत नाव आलं तेव्हा मी तो कागद आईला फोटो काढून पाठवला होता. कॅनडात मात्र असं नाही ना?

बालाघाट
नाही. कॅनडात महापालिकेला मत द्यायलासुद्धा नागरिकत्व लागतं. आणि नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष तिथं राहिलेलं असावं लागतं.

तेरणाकाठ, मी अंबाजोगाईचा, सध्या ब्रॅम्प्टनमध्ये. आमच्या घरात वकील माझी बायको आहे. तिनं हा सगळा रस्ता पायी तुडवलाय, म्हणून तपशिलात लिहितो.

आधी एनसीए नावाच्या समितीकडं तुमची पदवी आणि अनुभव तपासायला द्यायचा. ते बघून सांगतात की अमुक इतके विषय द्या. कॅनडाची राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, तिथल्या कायद्याचा पाया आणि व्यवसायाची नीतिमत्ता हे पाच बहुधा सगळ्यांनाच. तुमच्या पदवीनुसार वर आणखी काही लागतात. ते झालं की प्रमाणपत्र मिळतं. मग ओंटारियोच्या लॉ सोसायटीच्या दोन परीक्षा, एक बॅरिस्टरची, एक सॉलिसिटरची. शिवाय एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. तुमच्याकडं दहा वर्षांचा अनुभव आहे आणि आपली पद्धत कॉमन लॉचीच आहे, त्यामुळं उमेदवारीत सूट मागता येते. अर्ज नक्की करा.

हे लिहायला चार ओळी लागल्या, बायकोला चार वर्षं. दिवसा दुकानात, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. ती झोपेत कुशीवर वळली तरी हिचं पान थांबायचं. एका विषयात नापास झाली तेव्हा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पिठलं टाकलं आणि पुस्तक उघडलं.

मधल्या काळात पॅरालीगल हा रस्ताही आहे. ओंटारियोत त्यांना परवाना असतो, लॉ सोसायटीच देते. छोटे दिवाणी दावे, वाहतुकीचे गुन्हे, घरमालक-भाडेकरूंची भांडणं यांत ते स्वतः उभे राहतात. पण ज्यानं खंडपीठात युक्तिवाद केलाय त्याला तिथं थांबवत नाही, हे बायकोचं मत.

दुधना_परभणी
पिठलं टाकून पुस्तक उघडणाऱ्या वहिनींना परभणीचा दंडवत!

पुस्तकातला_मोर
सार्वजनिक कामाचं म्हणाल तर सिएटलच्या क्षमा सावंत आहेतच की. पुण्यात जन्मलेल्या वकील, तिथल्या नगर परिषदेवर निवडून आल्या आणि जातिभेदाविरुद्ध कायदा केला.

संविधान_वाचक
एक दुरुस्ती. क्षमा सावंत वकील नाहीत, अर्थशास्त्राच्या आहेत. बाकी बरोबर. २०१४ ते २०२३ त्या सिएटलच्या नगर परिषदेवर होत्या. त्यांच्याच प्रस्तावावरून २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटलनं भेदभावाच्या कायद्यात जात हा शब्द घातला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं झगडलेल्या आपल्या मराठवाड्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मूळ धाग्यात शोभेल असं नाव हवं असेल तर टोरंटोच्याच ॲव्ही गो बघा. हाँगकाँगच्या. १९८२ मध्ये कॅनडात आल्या, कायद्याचं शिक्षण तिथंच घेतलं. मोठ्या फर्मची वाट न धरता टोरंटोतल्या चिनी आणि आग्नेय आशियाई लोकांसाठीच्या कायदा केंद्राचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. मजुरीचे पैसे बुडालेले कामगार, भाडेकरू, व्हिसात अडकलेल्या बायका असे त्यांचे पक्षकार.

कॅनडानं १८८५ पासून चिनी माणसाकडून देशात यायचा डोईपट्टी कर घेतला. आधी ५० डॉलर, १९०३ पर्यंत ५०० डॉलर. १९२३ मध्ये तर चिनी लोकांना जवळजवळ दारच बंद केलं. त्या कराच्या भरपाईसाठीच्या लढ्यात ॲव्ही गो वकील म्हणून होत्या. कोर्टात हार झाली, पण माणसं थांबली नाहीत, आणि २२ जून २००६ ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. २०२१ मध्ये ॲव्ही गो यांना तिथल्या फेडरल कोर्टाच्या न्यायाधीश नेमलं.

सिंदफणा
संविधान_वाचक, माहिती चांगली आहे, पण त्या तरुण वयात गेल्या आणि तिथंच शिकल्या. ताई इथं पिकलेलं झाड उपटून नेतायत. सारखं कसं धरायचं?

संविधान_वाचक
मान्य, रस्ता सारखा नाही. पण दार उघडं आहे ते कुणीतरी उघडलं म्हणून. अमेरिकेत १९७३ पर्यंत काही राज्यांत नागरिक नसलेल्याला वकील होता येत नसे. फ्रे ल पूल ग्रिफिथ्स नावाच्या डच बाई कनेक्टिकटमध्ये लग्न होऊन आल्या होत्या. कायदा शिकलेल्या, पण नागरिक नाहीत म्हणून परीक्षेलाच बसू देईनात. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि जिंकल्या. कॅनडातही ब्रिटिश कोलंबियाची नागरिकत्वाची अट १९८९ मध्ये अँड्र्यूज खटल्यात पडली.

आणि आपल्याकडचं विसरू नका. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, १८९२ ला परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ ला, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा भारतातला कायदा १९२३ चा. मधली जवळजवळ वीस वर्षं त्या बंगालमध्ये पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं काम करत होत्या. कलकत्ता त्यांचं माहेर नव्हे आणि सासरही नव्हे.

मांजरेचं_पाणी
हे मी सांगतेय आणि सून टंकतेय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

तेरणाकाठ, बाई, समुद्र ओलांडला तरच परका मुलूख असं नसतंय. मी बिदरची. माहेरी कन्नड. १९८८ ला लग्न होऊन लातूरला आले. अंतर किती, सकाळी निघालं तर जेवायला पोचावं इतकं. पण कोर्टात पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकावर हसू फुटलं. मराठी येत होती ती भालकीच्या बाजारातली. मला सगळे "कानडी वकीलीण" म्हणायचे. कामं यायची ती दुसऱ्यांनी नाकारलेली.

आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यात जुने कागद उर्दूत असतात, हे तुला सांगायला नको. तेव्हा ते वाचून देणारी दोन-तीन म्हातारी माणसं कोर्टाच्या आवारात बसायची. त्यातल्या एका मुन्शीजींकडं मी रोज मधल्या सुट्टीत लिंबाखाली शिकायला बसले. छापील उर्दू महिन्यात आली. पण कागदावरची उर्दू शिकस्ता, नुसती पळालेली अक्षरं, नुक्ते कुठंच्या कुठं. दोन वर्षं लागली.

एकदा औशाकडची एक विधवा आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला हळदीचे डाग. समोरच्यांचं म्हणणं, हिचा आजेसासरा त्या जमिनीत "असामी शिकमी" होता, म्हणजे खंडानं कसणारा. मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. शब्द होता "शिकमीदार". म्हणजे पट्टेदाराच्या बरोबरीचा हिस्सेदार. शेपटाएवढा फरक, पण एकात माणूस कूळ ठरतो आणि दुसऱ्यात मालक. न्यायाधीशांनी सरकारी भाषांतर मागवलं. तेही शिकमीदारच आलं. त्या दिवसानंतर मागच्या बाकावरचे वकील स्वतःचे कागद घेऊन माझ्याकडं यायला लागले.

आणि गावाची झाले ती १९९३ ला. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीत आठव्या दिवशी पत्र्याखाली टेबल टाकून आम्ही पाच-सहा वकील बसलो. वारसाचे अर्ज, शपथपत्रं. रेशनकार्ड ढिगाऱ्यात, साक्षीदार ढिगाऱ्यात. लहान लेकरांच्या नावापुढं अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून कुणाची आजी, कुणाचा मामा. एक म्हातारी नवऱ्याचं नाव सांगेना. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं तिनं. रांग वाढत चाललेली. शेवटी म्हणाली, "रामाच्या बापाचं जे नाव, तेच लिही बाई." मी लिहिलं. तिनं अंगठा दिला आणि माझ्या हाताला लागलेली शाई स्वतःच्या पदरानं पुसली. तिथून मी "वकीलताई".

पण पोरी, एवढ्यावर संपलं नाही. बायकांसाठी जागा राखीव झाल्यावर मी नगरपालिकेला उभी राहिले. प्रचारात "ही कर्नाटकातली" एवढंच फिरवलं गेलं. पडले. लई रडले. पुन्हा उभी राहिले नाही, पण वॉर्डातल्या बायकांची बैठक सोडली नाही. २०१६ ला पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. आमच्या बायकांना घागर घेऊन उभं राहायची भीती. आदेशाची प्रत मागून आणली, वाचून दाखवली, टँकरचं वेळापत्रक लेखी घेतलं आणि चौकात चिकटवलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा आम्ही सगळ्या स्टेशनात होतो. त्या गर्दीत मी कुठली ते कुणी विचारलं नाही.

खामकाठी
काकू, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी किल्लारीच्या वेळी आठ वर्षांची. आमच्याकडंही असेच अर्ज लिहिले गेले होते. कुणी लिहिले ते कधी विचारलंच नाही.

दुधना_परभणी
रामाच्या बापाचं नाव... काकू, काय बोलावं.

सिंदफणा
काकू, माझे शब्द मागं घेत नाही, कारण बीडला वकील कमी आहेत हे खरंच आहे. पण तुम्ही बिदरहून आलात म्हणून बिदरचं काय झालं, हे मी कधी विचारलं नसतं, हेही खरं. ताई, तुमच्या पॅनेलवरच्या कामांतली बीड जिल्ह्याकडची असतील तर माझ्याकडं द्या. फी नको.

तेरणाकाठ
काकू, मी तीनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. सिंदफणा, गेवराईच्या दोन बायकांची पोटगीची प्रकरणं आहेत. उद्या व्यक्तिगत निरोप करते. खूप आभार.

बालाघाट, एक विचारू? नागरिकत्व मिळेपर्यंतची वर्षं सार्वजनिक कामातलं काहीच करता येत नाही का?

बालाघाट
येतं की. मत नसलं तरी तोंड आहे. टोरंटोत महापालिकेच्या समितीपुढं कुणालाही नाव नोंदवून बोलता येतं, त्याला डेप्युटेशन म्हणतात. काही मिनिटंच मिळतात, घड्याळ समोर असतं. शाळांमध्ये पालकांची परिषद असते, तिच्यात यायला नागरिकत्व विचारत नाहीत. २०२३ मध्ये टोरंटोच्या महापौर झालेल्या ऑलिव्हिया चाऊ तेरा वर्षांच्या असताना हाँगकाँगहून आल्या. त्यांची सुरुवात १९८५ ला शाळा मंडळावर निवडून येण्यापासून झाली. शिवाय साउथ एशियन लीगल क्लिनिक ऑफ ओंटारियो आहे, आपल्याकडच्या भाषा बोलणाऱ्यांसाठी.

बायकोचा अनुभव सांगतो. आमच्या रस्त्यावरच्या बसथांब्याला आडोसा नव्हता. रात्रपाळीच्या बायका उणे वीसमध्ये उघड्यावर उभ्या. हिनं नगर परिषदेच्या समितीपुढं बोलायचं ठरवलं. सनद नव्हती, मत नव्हतं. तिनं तीन रात्री थांब्यावर उभं राहून कोण किती वेळ थांबतं ते वहीत लिहिलं, आणि समितीपुढं फक्त ती वही वाचली. बस, वेळ, किती माणसं. हात थरथरत होते असं ती म्हणते, मला मागून दिसलं नाही. आडोसा पुढच्या हिवाळ्याआधी लागला. आता परवाना आहे, स्वतःचं छोटं कार्यालय आहे, पण आजही ती लोकांना त्या थांब्याचीच गोष्ट सांगते.

पुस्तकातला_मोर
मराठी मंडळाचं काम यात धरायचं की नाही? गणपती, दिवाळी, मुलांची मराठी शाळा?

पैनगंगा
माझ्या मते धरायचं, पण तिथं थांबायचं नाही. मंडळात आपण आपल्याच घरात असतो. मी पाच वर्षं मंडळातच होते आणि शेजारच्या गल्लीतलं वाचनालय बंद व्हायला आलंय हे मला पत्ताच नव्हता.

गोदाकाठचा
मी वेगळं म्हणेन. नवीन आलेल्या माणसाला आधी मंडळच सावरतं. परक्या गावात आजारी पडल्यावर खिचडी घेऊन कोण येतं? पहिलं वर्ष मंडळ, मग बाकी सगळं.

तेरणाकाठ
एक शंका मनात घर करून आहे, संविधान_वाचक सांगतील. उद्या तिकडचं नागरिकत्व घेतलं तर इथल्या सनदेचं काय?

संविधान_वाचक
दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. आणि अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम २४ प्रमाणे वकील म्हणून नोंद व्हायला भारताचा नागरिक असावं लागतं. परदेशी माणसाला मुभा आहे, पण त्याच्या देशात भारतीयांना वकिली करू देत असतील तर. तो प्रश्न तुमच्यापुढं काही वर्षांनी येईल, तेव्हा बार कौन्सिलला लेखी विचारा. आज त्यासाठी झोप घालवू नका. आज कागद गोळा करा.

बालाघाट
हो, कागद! हे महत्त्वाचं. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट एनसीएकडं जावी लागतात, तुम्ही पाठवलेली चालत नाहीत. बार कौन्सिलचा चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही लागेल. हे इथून करायचं म्हणजे फार जिवावर येतं. भारतात आहात तोवर उरका. पॅनेलवर काम केल्याचं पत्र, खंडपीठातल्या निकालांच्या ज्या प्रतींवर तुमचं नाव आहे त्या, सगळं बरोबर घ्या.

मांजरेचं_पाणी
आणि जायच्या आधी एक रविवार लातूरला ये. तुझ्याकडं जुने उर्दू कागद असले तर घेऊन ये. डोळे अजून नीट लागत नाहीत, तू अक्षरं सांग, मी शब्द सांगते.

तेरणाकाठ
काकू, येते. येत्या रविवारी चालेल का? कळंबच्या एका दाव्यातला कागद आहे, वर्षभर अडलाय. विद्यापीठात सोमवारी जातेय, गुणपत्रकांचा अर्ज भरून ठेवलाय.

मांजरेचं_पाणी
रविवारी ये. सकाळच्या गाडीनं ये, उजेड चांगला असतो. जेवायलाच ये.